मोठ्या बोअरच्या रायफलीतील अल्पभार ओतीव गोळ्या : लहान शिकारीच्या संदर्भात एक विवेचन

बीजशब्द : अंतर्गत क्षेपणशास्त्र, ओतीव गोळी, अल्पभार काडतूस, शिशाचे मिश्रधातू, शिसे-विषबाधा.

प्रस्तावना :

पदवीच्या प्रथम वर्षाला भौतिकशास्त्र शिकविणाऱ्या प्रत्येक अध्यापकाने एक उदाहरण फळ्यावर सोडवून दाखविलेले असते. दहा ग्रॅम वस्तुमानाची गोळी सेकंदाला आठशे मीटर वेगाने लाकडी ठोकळ्यात शिरते. ठोकळ्याचा वेग काढा. हे उदाहरण बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञाने १७४२ साली प्रसिद्ध केलेल्या तोफविद्येवरील ग्रंथातील क्षेपण-लंबकाचा वारसा आहे. विद्यार्थी संवेगाचे समीकरण मांडतात, उत्तर काढतात आणि विषय तेथेच संपतो. गोळीला तो वेग कसा मिळाला, तो निम्म्याहून कमी करायचा असल्यास काय करावे लागेल आणि तसे करणे सोपे आहे काय, हे प्रश्न सहसा कोणी विचारत नाही.

प्रस्तुत लेख याच प्रश्नांविषयी आहे. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत हरिण किंवा एल्क यांसारख्या मोठ्या प्राण्यांसाठी बनविलेल्या रायफलीतून ससा, खार, ग्राउज पक्षी अशी लहान शिकार करण्याकरिता, घरी ओतलेल्या शिशाच्या गोळ्या व अत्यल्प दारू वापरून काडतुसे भरण्याची शतकाहून जुनी परंपरा आहे. वरवर पाहता हा छंदिष्टांचा विषय वाटतो. परंतु त्यात ज्वलनाचे रसायन, धातुशास्त्र, क्षेपणशास्त्र, पर्यावरण व कायदा अशा अनेक शाखा एकत्र येतात, आणि ‘कमी म्हणजे सुरक्षित’ या आपल्या सहजसमजुतीची कसोटीही लागते. या समजुतीवर विसंबणाऱ्याचे डोळे, बोटे आणि प्रसंगी प्राणही पणाला लागतात.

लेखाची भूमिका विवेचनात्मक आहे. कोणत्याही काडतुसासाठी दारूचे माप येथे दिलेले नाही व ते देणे योग्यही नाही; ते काम दारू-उत्पादकांच्या दाब मोजून तयार केलेल्या कोष्टकांचे आहे. भारतीय वाचकाने हेही ध्यानात ठेवावे की, शस्त्र अधिनियम, १९५९ अन्वये परवान्याशिवाय दारूगोळा तयार करणे हा आपल्याकडे गुन्हा आहे.

ठासणीच्या बंदुकीचे स्वातंत्र्य :

ठासणीच्या बंदुकीत अल्पभार हा वेगळा प्रश्नच नव्हता. शिकारी शिंगातून दारू ओतायचा, वर गोळी किंवा छर्रे ठासायचा. समोर ससा असेल तर दारू कमी, सांबर असेल तर जास्त. प्रत्येक बार हा त्या वेळेपुरता बनविलेला असे. धातूच्या काडतुसाने हे स्वातंत्र्य काढून घेतले. दारू, गोळी व प्राइमर एका पितळी पुंगळीत कायमचे बंद झाले आणि एका रायफलीचा एकच ठरलेला बार झाला. घरी काडतुसे भरण्याच्या प्रथेकडे पाहताना ती काटकसरीतून आली एवढेच सांगितले जाते. प्रस्तुत लेखकाच्या मते ती काही अंशी हे गमावलेले स्वातंत्र्य परत मिळविण्याची धडपडही होती.

अमेरिकी सैन्याने १८७३ साली स्वीकारलेले .४५-७० काडतूस हे याचे चांगले उदाहरण होय. यात ४५ हा आकडा बोअरचा (इंचाचे शतांश), तर ७० हा काळ्या दारूच्या ग्रेनचा. एक ग्रेन म्हणजे ०.०६४८ ग्रॅम. गोळी ४०५ ग्रेनची, म्हणजे २६ ग्रॅमहून जास्त, आणि वेग सेकंदाला ४१० मीटरच्या आसपास. घोडदळाच्या आखूड व हलक्या कार्बाइनला हा धक्का फार होई, म्हणून तिच्यासाठी त्याच पुंगळीत ५५ ग्रेन दारू भरली जाई. म्हणजे अल्पभाराची कल्पना सरकारी काडतुसातच होती. सीमेवरील ठाण्यांत रसदीला जोड म्हणून सैनिकांनी लहान शिकार करावी यासाठी ‘फोरेजर’ नावाचे एक काडतूसही निघाले. त्यात पातळ लाकडाची पोकळ गोळी असून तिच्यात छर्रे भरलेले असत. याच हेतूने १८८१ ते १८८५ या काळात स्प्रिंगफील्डच्या शस्त्रागारात वीस बोअरच्या १,३७६ बंदुका तयार करण्यात आल्या. मोठ्या गोळीने लहान पक्षी मारला तर खाण्यासारखे काही उरत नाही, हे सैन्याच्या पुरवठा खात्यालाही पटले होते असे यावरून दिसते.

निर्धूर दारू आल्यावर अंतर आणखी वाढले. १९०६ सालच्या .३०-०६ काडतुसात १५० ग्रेनची (९.७ ग्रॅम) गोळी सेकंदाला सुमारे ८२० मीटर वेगाने निघे, तिची गतिज ऊर्जा ३,३०० ज्यूलच्या घरात जाते. खारीच्या व सशाच्या शिकारीत रूढ असलेल्या .२२ लाँग रायफल काडतुसाची ऊर्जा साधारण १४० ज्यूल असते. हे गुणोत्तर तेवीस-चोवीसपट भरते. उत्तर अमेरिकेच्या जंगलातील रफ्ड ग्राउज हा पक्षी आपल्या तितराहून थोडा मोठा, अर्ध्या किलोच्या आसपास भरणारा. त्याच्यावर ३,३०० ज्यूल खर्च केल्यास हाती पिसे येतात.

मग .२२ ची वेगळी रायफलच का नेऊ नये? हा आक्षेप रास्त आहे आणि बहुसंख्य शिकारी तेच करतात. परंतु डोंगरात एल्कच्या मागावर आठवडाभर फिरणाऱ्या माणसाला दुसरी रायफल वाहणे जड जाते; त्याला खिशात आठ-दहा हलकी काडतुसे ठेवणे परवडते. टाउनसेंड व्हेलन यांच्यासारख्या लष्करी अधिकारी असलेल्या लेखकांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या उपयोगाचा पुष्कळ पुरस्कार केला. मागणी पाहून कारखान्यांनीही काही काळ ‘शॉर्ट रेंज’ नावाने हलकी काडतुसे विकली. पुढे ती बंद पडली आणि हे काम पूर्णतः घरच्या बाकावर आले. डिसेंबर २०१२ नंतर अमेरिकेत .२२ काडतुसांची मोठी टंचाई निर्माण झाली, तेव्हा जुनी परंपरा पुन्हा चर्चेत आली हेही नोंदविण्यासारखे आहे.

ओतीव गोळी आणि छापखान्यातील खिळे :

अल्पभारासाठी ओतीव शिशाचीच गोळी का, याचे पहिले कारण घर्षण हे आहे. आधुनिक रायफलीची गोळी तांब्याच्या मिश्रधातूने मढविलेली असते. नळीतील सर्पिल आट्यांमध्ये ती घुसविण्यास मोठे बल लागते. पूर्ण दाबाखाली ते सहज मिळते. दाब फार कमी केला तर अशी गोळी नळीतच अडकून बसण्याचा धोका असतो. शिसे मऊ असते, मेण लावलेले असते आणि अल्प दाबातही ते आट्यांचा ठसा घेत पुढे सरकते. दुसरे कारण अर्थातच खर्चाचे.

या ओतकामाला घरोघरी पोहोचविण्याचे श्रेय जॉन बार्लो यांच्या आयडियल मॅन्युफॅक्चरिंग कंपनीला दिले जाते. कनेक्टिकट राज्यातील न्यू हेवन येथे १८८४ साली सुरू झालेल्या या कंपनीने चिमट्यासारखे हाताचे साचे, काडतुसे भरण्याची हत्यारे आणि माहितीपुस्तिका विकल्या. तिचा व्यवसाय १९२५ मध्ये लायमन कंपनीकडे गेला. निर्धूर दारूच्या तप्त वायूंपासून शिशाच्या गोळीचे बूड वाचावे म्हणून तेथे तांब्याची उथळ टोपी बसविण्याची युक्ती बार्लो यांनीच विसाव्या शतकाच्या आरंभी प्रचारात आणली. तिला ‘गॅस चेक’ म्हणतात. आपल्या विषयातील मंद गोळ्यांना मात्र तिची गरज सहसा पडत नाही.

गोळीचे बूड इतके महत्त्वाचे का, हे फ्रँकलिन मान या मॅसॅच्युसेट्समधील डॉक्टरने दाखवून दिले. वैद्यकी बाजूला ठेवून त्यांनी वर्षानुवर्षे गोळ्या मुद्दाम बिघडवून डागल्या आणि निष्कर्ष १९०९ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. गोळीचे टोक तासले, वाकडे केले तरी नेमबाजी फारशी बिघडत नाही. बूड थोडेसे जरी तिरपे झाले तरी गोळी भरकटते. कारण नळीच्या तोंडातून सुटताना वायू बुडाच्या एका बाजूने आधी निसटतात व गोळीला कलंडवितात. म्हणूनच ओतकाम करणारा माणूस साचा उघडला की प्रथम गोळीचे बूड पाहतो.

शुद्ध शिसे ३२७ अंश सेल्सिअसला वितळते, पण गोळीसाठी ते फारच मऊ असते. ब्रिनेल मापनात त्याचा कठीणपणा ५ च्या आसपास. त्यात कथील मिसळले की रस पातळ होऊन साच्याच्या कानाकोपऱ्यांत शिरतो, आणि अँटिमनी मिसळले की कठीणपणा वाढतो व गोठतानाचे आकुंचन घटते. मराठी अभ्यासकाला हे मिश्रण अनोळखी नाही. छापखान्यातील खिळे याच तीन धातूंचे असत. जावजी दादाजी यांच्या निर्णयसागर छापखान्याच्या सुबक टाइपाचे कौतुक आपण करतो, तेव्हा वेलांटीचे टोकही ठसठशीत उमटविणाऱ्या अँटिमनीचे कौतुक त्यात अंतर्भूत असते. अमेरिकेत लायनोटाइप यंत्राच्या ओळी ज्या धातूत ओतल्या जात, त्यात साधारण ८४ टक्के शिसे, १२ टक्के अँटिमनी व ४ टक्के कथील असे. ऑफसेट छपाईने तेथील छापखाने बदलले तेव्हा ही धातू मोडीच्या भावाने विकली गेली आणि गोळ्या ओतणाऱ्यांनी ती साठवून ठेवली. वर्तमानपत्राच्या ओळींची अशी गत होणे हा इतिहासाचा एक चमत्कारिक विनोदच म्हणावा लागेल. याखेरीज मोटारीच्या चाकांना तोल साधण्यासाठी लावली जाणारी शिशाची वजने हाही कच्च्या मालाचा मोठा स्रोत राहिला.

कठीण मिश्रण नेहमीच चांगले, हा मात्र गैरसमज आहे. गोळीने नळीत शिरताच किंचित फुगून आट्यांची पोकळी बंद केली पाहिजे; अन्यथा वायू कडेने निसटतो, शिसे वितळवतो आणि नळीत त्याचा थर बसतो. लायनोटाइप धातूचा ब्रिनेल अंक २२ च्या आसपास असतो. या अंकाला १,४२२ ने गुणले की पौंड प्रति चौरस इंचात सुमारे ३१,००० येतात, आणि एवढा दाब मिळाला तरच ती गोळी फुगेल असे या छंदाच्या पुस्तकांत सांगतात. १,४२२ हा आकडा गूढ नाही; तो किलोग्रॅम प्रति चौरस मिलिमीटरचे पौंड प्रति चौरस इंचात रूपांतर करणारा गुणक आहे, आणि नियमही ढोबळच आहे. तरी त्याचा रोख बरोबर आहे. .३०-०६ च्या पूर्ण बारात दाब ६०,००० पर्यंत जाऊ शकतो, परंतु अल्पभारात तो त्याच्या लहानशा अंशाइतकाच असतो. तेथे १० ब्रिनेलचे मऊ मिश्रण अधिक योग्य ठरते. शिवाय गोळी नळीच्या आट्यांच्या खोल व्यासापेक्षा इंचाच्या एक-दोन सहस्रांशांनी मोठीच ठेवतात, म्हणजे फुगण्यावर विसंबावे लागत नाही. खाचांमध्ये मधमाशांचे मेण व अ‍ॅलॉक्स नावाचे पेट्रोलियमजन्य वंगण समप्रमाणात मिसळून भरण्याची रीत बरीच वर्षे प्रमाण मानली गेली. पुंगळीचे तोंडही जरासे पसरट करावे लागते, नाहीतर गोळी बसविताना पितळेची धार शिसे तासून काढते.

दाबाचे गणित :

आता विषयाच्या गाभ्याकडे वळू. बंदुकीची निर्धूर दारू स्फोट पावत नाही. ती पृष्ठभागावरून आत जळत जाते. जळण्याचा वेग दाबावर अवलंबून असतो. फ्रेंच रसायनतज्ज्ञ पॉल व्हिएय यांनी मांडलेल्या नियमानुसार हा वेग दाबाच्या एका घाताच्या प्रमाणात असतो, आणि हा घातांक निर्धूर दारूच्या बाबतीत साधारणपणे एकच्या जवळ असतो. याचा अर्थ असा की दाब वाढला की ज्वलन वाढते, ज्वलन वाढले की वायू वाढतात व दाब आणखी वाढतो. या चक्राला आवर घालणारी गोष्ट एकच : गोळी पुढे सरकते आणि जागा वाढते. पूर्ण बारात या दोहोंची शर्यत उत्पादकाने नेमकी जुळविलेली असते. मोठी गोळी व मोठी पुंगळी असेल तर मंद दारू, लहान असेल तर जलद.

दारू निम्मी केली तर वेग निम्मा होईल, असे रेषीय अनुमान येथे चालत नाही. मंद दारू थोडी घातली तर दाब इतका खाली येतो की तिचे ज्वलनच लडबडते. काही दाणे न जळताच नळीतून बाहेर पडतात, काही बारांना वेग मिळतो, काहींना मिळत नाही. म्हणून अल्पभारासाठी मंद दारू कमी करण्याऐवजी जलद जळणारी, बहुधा शॉटगन किंवा पिस्तुलासाठीची दारू अल्प प्रमाणात घेतात. ती कमी दाबातही पुरती जळून जाते.

येथे दुसरी अडचण उभी राहते ती पोकळीची. .३०-०६ च्या पुंगळीत सुमारे ४.४ घन सेंटिमीटर जागा असते. जलद दारूचा अल्पभार तिचा एक लहान भागच व्यापतो. उरलेल्या पोकळीत दाणे इकडेतिकडे घरंगळतात. रायफल वर करून मग खाली आणली तर दारू प्राइमरजवळ राहते, खाली झुकवून वर आणली तर गोळीजवळ. दोन्हींत ठिणगी पोहोचण्याचा मार्ग निराळा, म्हणून वेगही निराळा. काही जण दारूवर कापूससदृश शेवरी किंवा पॉलिएस्टरचा पुंजका ठेवून ती जागेवर धरतात. पण अशा भरावामुळे काही रायफलींच्या चेंबरमध्ये गोळीच्या बुडाशी कडे उमटल्याची, म्हणजे पोलाद वर्तुळाकार फुगल्याची उदाहरणे नोंदलेली असल्याने याविषयी जाणकारांत तीव्र मतभेद आहेत. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ‘ट्रेल बॉस’ नावाची, मध्ये भोक असलेल्या चकत्यांची फुगीर दारू बाजारात आली. तिचा हेतूच कमी वजनात जास्त जागा व्यापणे हा होता. अशी दारू वापरण्याचा फायदा केवळ समान ज्वलनाचा नाही, हे पुढील विवेचनावरून दिसेल.

कमी म्हणजे सुरक्षित काय? :

अल्पभाराशी निगडित तीन धोके आहेत आणि तिन्ही सहजबुद्धीला चकविणारे आहेत.

सर्वांत सामान्य धोका दुहेरी भरणीचा होय. पूर्ण बारात दारू पुंगळीच्या गळ्यापर्यंत येते. चुकून दुसऱ्यांदा ओतली तर ती सांडते व चूक लगेच कळते. अल्पभारात मात्र दुप्पटच काय, तिप्पट दारूही गुपचूप मावते. ती जलद जातीची असल्याने दाब दुप्पट न होता कितीतरी पटींनी चढतो आणि बोल्ट फुटून मागे येऊ शकतो. दारू जितकी ‘किफायतशीर’, तितका हा धोका मोठा. अनुभवी माणूस भरलेल्या पुंगळ्या फळीत ओळीने उभ्या करून गोळ्या बसविण्यापूर्वी प्रत्येकीत प्रकाश टाकून पातळी पाहतो. हा उपाय इतका साधा आहे की तो वगळण्याचा मोह होतो. फुगीर दारूचा खरा लाभ येथे आहे, कारण दुसरी भरणी मावतच नाही.

दुसरा धोका नळीत अडकलेल्या गोळीचा. आवाज दबका येतो, निशाणावर छिद्र दिसत नाही. नेम चुकला असे समजून पुढचा बार काढला तर दोन गोळ्यांच्या मध्ये सापडलेल्या वायूमुळे नळी फुगते किंवा फाटते. दबका आवाज आला की थांबून नळीतून आरपार पाहणे हा नियम म्हणूनच अपवाद न ठेवता पाळतात.

तिसरा धोका सैद्धांतिकदृष्ट्या सर्वांत कुतूहलाचा आहे. मोठ्या पुंगळीत अत्यंत मंद दारू शिफारशीपेक्षा बरीच कमी भरली असता, क्वचित प्रसंगी रायफल फुटते. दारू कमी, दाब मात्र प्रचंड! यामागे काय घडते यावर एकमत नाही. एक प्रतिपादन असे की, प्राइमरच्या धक्क्याने गोळी थोडी पुढे सरकून आट्यांच्या तोंडाशी थांबते. तोवर दारू अर्धवट पेटलेली असते. गोळी बुचासारखी अडून राहिल्याने दाब व ज्वलन यांचे वर सांगितलेले चक्र बेबंद होते. ही घटना प्रयोगशाळेत हवी तेव्हा घडवून आणणे अवघड गेल्यामुळे वाद रेंगाळला. उत्पादकांनी मात्र वाद मिटण्याची वाट पाहिली नाही. हॉजडन कंपनी एच-४८९५ या दारूसाठी कोष्टकातील कमाल मापाच्या ६० टक्क्यांपर्यंत खाली येण्यास मुभा देते, तर एच-११० या दारूबाबत तीन टक्क्यांहून अधिक कपात करू नये असा इशारा देते. एकाच कंपनीच्या दोन डब्यांवरील हा फरक पाहिला तरी ‘थोडे कमी घातले तर काय बिघडते?’ या प्रश्नाचे उत्तर दारूच्या जातीनुसार बदलते, हे स्पष्ट व्हावे. आपल्याकडे प्रयोगशाळेत आम्लाचे संहत द्रावण पातळ करताना आपण जी काळजी विद्यार्थ्यांना शिकवितो, तिची येथे आठवण होते.

उडत्या गोळीचा मार्ग :

गोळी बाहेर पडल्यानंतरचे गणित तुलनेने सरळ आहे. समजा ११५ ग्रेनची (७.४५ ग्रॅम) ओतीव गोळी सेकंदाला ३२० मीटर वेगाने निघाली. तिची ऊर्जा सुमारे ३८० ज्यूल, म्हणजे पूर्ण बाराच्या नवव्या हिश्श्याहून थोडी जास्त. ३.६ किलोच्या रायफलीचा धक्का मोजला तर पूर्ण बारात तो २० ज्यूलच्या आसपास येतो आणि अल्पभारात एका ज्यूलजवळ. खांद्याला तो जेमतेम जाणवतो. २० अंश सेल्सिअसला ध्वनीचा वेग सेकंदाला ३४३ मीटर असल्याने या गोळीमागे कडकडाट होत नाही. मात्र उणे दहा अंशांच्या थंडीत ध्वनीचा वेग ३२५ वर येतो आणि ही सुरक्षित वाटणारी फट जवळपास बुजते.

पन्नास मीटर जाण्यास या गोळीला ०.१५६ सेकंद लागतात. तेवढ्या अवधीत ती गुरुत्वाकर्षणाने १२ सेंटिमीटर खाली येते. पूर्ण बाराची गोळी तेथवर दोन सेंटिमीटरही उतरत नाही. दुर्बीण नळीच्या चार सेंटिमीटर वर असून शंभर मीटरवर पूर्ण बारासाठी जुळविलेली असेल, तर पन्नास मीटरवर अल्पभाराची गोळी नेमाच्या रेषेखाली सुमारे १० सेंटिमीटर लागते, पंचवीस मीटरवर सुमारे ४ सेंटिमीटर. ग्राउजचे मांस वाया जाऊ नये म्हणून नेम डोक्यावर धरतात, आणि ते डोके तीन सेंटिमीटरच्या आसपास! म्हणजे दृष्टियंत्र पुन्हा जुळविल्याशिवाय, किंवा प्रत्येक अंतरासाठी किती वर नेम धरायचा हे कागदावर मारून निश्चित केल्याशिवाय, ही काडतुसे जंगलात नेण्यात अर्थ नाही. हवेचा रोध व नळीचे कंपन यांमुळे प्रत्यक्ष आकडे या हिशेबापासून थोडे ढळतातच.

फिरकीविषयी एक शंका वाचकाच्या मनात येईल. वेग कमी म्हणजे फिरकीही कमी. मग गोळी डळमळणार नाही काय? .३०-०६ च्या नळीत दर दहा इंचांना (२५४ मि.मी.) एक फेरा असतो. ८२३ मीटर वेगाला सेकंदाला ३,२४० फेरे, तर ३२० मीटर वेगाला १,२६० फेरे. परंतु आल्फ्रेड ग्रीनहिल यांनी १८७९ साली दिलेल्या सूत्रानुसार आवश्यक पीळ मुख्यतः गोळीच्या लांबीवर ठरतो. या नळीसाठी ती मर्यादा सुमारे ३६ मि.मी. येते आणि आपली आखूड गोळी तिच्या निम्मीच असते. लांब, जड गोळ्या याच वेगाने मारल्या तर मात्र डळमळण्याची शक्यता उरते.

शिसे आणि कायदा :

ओतकामाच्या खोलीत वाफेची भीती जास्त बाळगली जाते, पण शिशाचा उत्कलनबिंदू १,७४९ अंश असल्याने ओतण्याच्या तापमानाला वाफ थोडीच निघते. खरा शत्रू रसावर साचणारी ऑक्साइडची राख आणि तिची हातावरून तोंडात जाणारी धूळ हा होय. त्या खोलीत खाणे, विडी ओढणे, लहान मुलांना येऊ देणे या गोष्टी म्हणूनच निषिद्ध मानतात. पाण्याचा एक थेंब रसाखाली गेला तरी त्याची वाफ होऊन सारा रस अंगावर उडतो, हेही तितकेच खरे.

जंगलातील शिशाचा प्रश्न अधिक गंभीर आहे. कॅलिफोर्नियाचे कॉन्डोर हे प्रचंड गिधाड १९८२ साली अवघे २२ उरले होते. पकडून, वाढवून १९९२ पासून ते पुन्हा सोडण्यात आले, तरी त्यांच्या मृत्यूचे प्रमुख कारण शिसेच ठरले. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात त्यांच्या रक्तातील शिशाच्या समस्थानिकांचे प्रमाण दारूगोळ्यातील शिशाशी जुळते असे दिसले. परिणामी कॅलिफोर्नियाने प्रथम कॉन्डोरच्या प्रदेशापुरती आणि २०१३ च्या कायद्याने टप्प्याटप्प्याने संपूर्ण राज्यात बंदी आणली. १ जुलै २०१९ पासून तेथे बंदुकीने वन्यप्राणी मारण्यासाठी शिशाचा दारूगोळा वापरता येत नाही. पाणपक्ष्यांच्या शिकारीतील शिशाचे छर्रे तर देशभर १९९१ पासूनच बंद आहेत.

ओतीव गोळीचे समर्थक म्हणतात की, वेगवान मढवलेल्या गोळीतील शिसे फुटून मांसात शेकडो कण विखुरते, मंद ओतीव गोळी मात्र अखंड आरपार जाते. या म्हणण्यात तथ्य आहे. तथापि ती गोळी जमिनीत राहते, सशाच्या जखमेभोवती शिशाचा माग राहतो, आणि लहान प्राण्यात जखमेपासून दूरचे मांस असे फारसे नसतेच. त्यामुळे हा युक्तिवाद फरकाचे प्रमाण सांगतो. निर्दोषत्व सिद्ध करीत नाही.

भारतात हा प्रश्न या स्वरूपात उद्भवत नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये आरंभी ‘लहान शिकारी’चा स्वतंत्र परवाना होता, ही गोष्ट आज अनेकांना ठाऊक नसते; १९९१ च्या दुरुस्तीने ती परवाना-पद्धत गेली.

शिशाला पर्याय म्हणून घरच्या चुलीवर तांबे ओतणे शक्य नाही. त्याला १,०८५ अंश तापमान लागते. जस्त ४२० अंशांजवळ वितळते, पण साच्यात नीट भरत नाही व फार कठीण असते. बिस्मथ २७१ अंशांना वितळते आणि कथिलासह साच्यात चांगले उतरते. ते महाग व ठिसूळ आहे. त्याची घनता ९.८, शिशाची ११.३. त्यामुळे ११५ ग्रेनच्या साच्यातून बिस्मथची गोळी सुमारे १०० ग्रेनची निघते. ती नळीत कमी फुगते, आट्यांना अधिक अडते, आणि शिशाच्या गोळीसाठी ठरविलेले दारूचे माप तिला लागू पडत नाही. वेग, दाब आणि पन्नास मीटरवरील उतार हे सारे पुन्हा मोजावे लागते.